शोरूममधली मागच्या सालची बाईक: सूट किती मागायची, कशी मागायची आणि गंडायला कुठे होतं?

दरवर्षी डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की इन्स्टावर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर एकाच छापाच्या जाहिराती दिसायला लागतात. "इयर एंड धमाका", "स्टॉक क्लिअरन्स", "शेवटच्या काही गाड्या". जानेवारी उजाडला की जाहिराती बंद होतात, पण गाड्या संपलेल्या नसतात. त्या शोरूमच्या मागच्या गोडाऊनमध्ये उभ्याच असतात. फरक एवढाच, की आता त्या मागच्या सालच्या झालेल्या असतात.

अशी गाडी घ्यावी का? घ्यायची तर किती कमी करून मागायची? सेल्समनने "सर, हा कंपनी रेट आहे, यात काहीच होत नाही" म्हटल्यावर काय बोलायचं? आज हाच विषय घेऊ.

आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाडीला दोन वयं असतात. एक कागदावरचं, म्हणजे आरसीवर छापलेलं उत्पादनाचं साल. दुसरं खरं वय, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडून किती महिने झाले ते. फेब्रुवारी २०२६ मध्ये शोरूमला दोन बाईक उभ्या आहेत असं धरा. एक डिसेंबर २०२५ मध्ये तयार झालेली, दुसरी जानेवारी २०२५ मध्ये. दोन्ही "२०२५ मेक". पण एक दोन महिन्यांची आहे आणि दुसरी तेरा महिन्यांची. डीलर दोन्हींवर सारखीच सूट सांगत असेल, तर दुसऱ्या गाडीवर तुमचं नुकसान आहे. तुम्ही महिना विचारत नाही तोवर तो स्वतःहून सांगणार नाही, हेही धरून चाला.

गाडी कोणत्या महिन्याची आहे हे कसं ओळखायचं?

बाईकच्या हँडलखाली, फ्रेमच्या गळ्यापाशी चेसिस नंबर कोरलेला असतो. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यातलं दहावं अक्षर साधारणपणे साल सांगतं. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. (आय, ओ आणि क्यू ही अक्षरं चेसिस नंबरात वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात.) महिन्यासाठीही बऱ्याच कंपन्या अक्षर वापरतात. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं. पण ते अक्षर कितव्या जागी असेल हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे यूट्यूबवरचा एक व्हिडिओ बघून सगळ्या कंपन्यांना तोच नियम लावू नका.

त्यापेक्षा सरळ कागद मागा. गाडी विकताना डीलरला फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला द्यावा लागतो आणि त्यात उत्पादनाचा महिना आणि साल लिहायचा रकाना असतो. पुढे आरसीवरही तेच छापून येतं. म्हणजे ही माहिती लपवून ठेवण्यासारखी नाहीच, फक्त ती तुम्हाला पैसे भरायच्या आधी हवी आहे, नंतर नाही. "चेसिस नंबर आणि मॅन्युफॅक्चरिंगचा महिना कोटेशनवर लिहून द्या" एवढं एक वाक्य बोला. जो डीलर याला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे भाव करण्यात अर्थ नाही.

एक पडताळा तुम्ही स्वतः करू शकता. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ०८२५ असेल तर टायर २०२५ च्या आठव्या आठवड्यात बनलेला. टायर आधी बनतो आणि गाडी नंतर, त्यामुळे यावरून गाडीचा महिना नेमका कळत नाही. पण सेल्समन "डिसेंबरचीच आहे" म्हणतोय आणि टायर फेब्रुवारीचा निघाला, तर पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही.

डीलर सूट का देतो?

शोरूममधली गाडी डीलरने कंपनीकडून विकत घेतलेली असते. बहुतेक वेळा बँकेच्या पैशातून. याला इन्व्हेंटरी फंडिंग म्हणतात आणि त्यावर व्याज चालू असतं. हिशोबासाठी धरू की एक बाईक डीलरला सव्वा लाखाला पडली आणि व्याज ११ टक्के आहे. म्हणजे वर्षाला १३,७५० रुपये, महिन्याला साधारण साडेअकराशे. गाडी दहा महिने उभी राहिली तर साडेअकरा हजार रुपये नुसत्या व्याजात गेले. वर जागा अडली, बॅटरी उतरली, धूळ बसली ते वेगळंच. डीलरांची संघटना फाडा म्हणूनच साधारण २१ दिवसांचाच स्टॉक ठेवावा असं सांगत आली आहे.

त्यामुळे जुन्या स्टॉकवर सूट देऊन डीलर तुमच्यावर उपकार करत नसतो. तो स्वतःचं पुढचं नुकसान थांबवत असतो. हे डोक्यात असलं की बोलताना आवाज आपोआप बदलतो.

डीलर अडचणीत असला की भाव किती पडतो याचं आपल्याकडचं सर्वात मोठं उदाहरण मार्च २०१७ चं. १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला. तेव्हा देशभरात सुमारे ८ लाख २४ हजार बीएस-३ गाड्या शिल्लक असल्याचं उद्योगाचे आकडे सांगत होते आणि त्यात ६ लाख ७१ हजार दुचाकी होत्या. हातात दोन दिवस. कंपन्यांनी हजारो रुपयांची सूट जाहीर केली, शोरूमबाहेर रांगा लागल्या आणि अनेक ठिकाणी दुपारपर्यंत "स्टॉक संपला"ची पाटी लागली. एरवी "बाईकवर काही होत नाही" म्हणणाऱ्यांनीच त्या दोन दिवसांत भाव खाली आणले होते.

मागच्या सालच्या गाडीला अशी कायद्याची मुदत नसते. ती १ जानेवारीनंतरही बिनदिक्कत विकता येते, पासिंगही होतं. मुदत असते ती फक्त गिऱ्हाईकाच्या डोक्यात. म्हणून इथे सूट दोन दिवसांत कोसळत नाही, हळूहळू वाढते. डिसेंबरात जी गाडी पाच हजार कमी करून मिळत होती, ती फेब्रुवारीत आठ-दहा हजारांनी कमी मिळू शकते. अट एकच, तोवर ती शिल्लक राहायला हवी. आणि ज्या मॉडेलला वेटिंग आहे त्याच्या बाबतीत हे सगळं विसरा. तिथे जुना स्टॉक उरतच नाही.

कधी जायचं?

गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशी या चार दिवसांच्या आसपास भाव करायला जाऊ नका. शोरूममध्ये पेढे-हारांची गर्दी असते आणि तुम्ही नाही म्हणालात तर मागे दोघं उभे असतात. उलट पितृपक्षात जा. त्या पंधरवड्यात बरेच लोक नवी गाडी घेत नाहीत, पौषातही अनेक घरांत तेच. तुम्हाला अडचण नसेल तर याच दिवसांत सेल्समनकडे तुमच्यासाठी अर्धा तास निवांत असतो. महिन्याच्या शेवटचे तीन-चार दिवस, आणि त्यातही मार्चअखेर, टार्गेट पूर्ण करायची घाई असते. मागच्या सालच्या गाडीसाठी जानेवारीचा शेवट ते मार्चचा शेवट हा काळ मला सर्वात चांगला वाटतो. पाडवा मार्चमध्ये येत असेल तर त्याच्या आधीचे दोन आठवडे गाठा.

मग सूट किती मागायची?

इथे बहुतेक लोक हवेत आकडा फेकतात. त्यापेक्षा नुकसान मोजा.

मागच्या सालची गाडी घेतल्याने तुमचं मुख्य नुकसान होतं ते विकताना. सेकंड हँड बाजारात पहिला प्रश्न असतो "कोणत्या सालची?" तिथे पासिंगचं साल सांगून भागत नाही, घेणारा आरसी बघतो. हे नुकसान किती, याचा ढोबळ अंदाज विम्याच्या घसाऱ्यावरून येतो. विमा कंपन्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही ठरवताना वयानुसार टक्के कापतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षात एका सालाचा फरक १० टक्क्यांचा पडतो. दीड लाखाच्या बाईकवर १५ हजार. बाजार अगदी या तक्त्याप्रमाणे चालत नाही. मागणी असलेली गाडी कमी पडते, बंद झालेलं मॉडेल जास्त पडतं. पण भाव करताना हातात एक आधार तरी राहतो.

यावरून माझा हिशोब असा. तीन-चार वर्षांत गाडी बदलणारे असाल, तर एक्स-शोरूम किमतीच्या ८ ते १० टक्क्यांनी सुरुवात करा आणि ५-६ टक्क्यांच्या खाली उतरू नका. गाडी दहा वर्षं वापरायची असेल, गावाकडे वडिलांना हवी असेल, म्हणजे शेवटपर्यंत घरातच राहणार असेल, तर दहाव्या आणि अकराव्या वर्षाच्या किमतीत फारसा फरक उरत नाही. मग ४ टक्के सूट मिळाली तरी सौदा तुमच्या बाजूने आहे. आणि दोन-तीन टक्क्यांच्या वर डीलर सरकतच नसेल, तर सरळ नव्या सालची गाडी घ्या. तेवढ्या पैशासाठी आरसीवर जुनं साल कशाला मिरवायचं?

गाडी दहा-बारा महिने उभी असेल तर यात खऱ्या वयाचा खर्चही धरा. उभ्या गाडीची बॅटरी उतरत जाते आणि वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी नंतर लवकर जाते. एका जागी उभं राहून टायरला सपाटी येऊ शकते, टाकीतलं जुनं पेट्रोल खराब होतं, चेनवर गंज चढतो, ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. यातलं काहीच भयंकर नाही, पण "डिलिव्हरीच्या आधी नवी बॅटरी टाकून द्या आणि ब्रेक ऑइल बदलून द्या" ही मागणी रास्त आहे आणि डीलरला ती रोख सूट देण्यापेक्षा सोपी जाते. कंपनीची वॉरंटी साधारणपणे विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, त्यामुळे तिथे सहसा नुकसान नाही. बॅटरी आणि टायरची वॉरंटी मात्र त्या-त्या कंपनीची वेगळी असते. ती कोणत्या तारखेपासून धरणार हे विचारून घ्या.

अजून एक बघा. साल एकच असलं तरी गाड्या कागदावर वेगळ्या असू शकतात. १ एप्रिल २०२५ पासून दुचाकींना ओबीडी-२बी हा प्रदूषण तपासणीचा पुढचा टप्पा लागू झाला. त्या सुमारास अनेक कंपन्यांनी मॉडेलमध्ये बारीकसारीक बदल केले, रंग बदलले, किमती वाढवल्या. म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीची आणि जूनची गाडी बरोबरीची धरू नका. तुम्हाला हवं असलेलं फीचर त्या विशिष्ट गाडीत आहे का, हे गाडीवरच बघा, ब्रोशरवर नाही. ब्रोशर नव्या गाडीचं असतं.

सूट दिसते, पण मिळते का?

खरा खेळ इथे असतो. समजा एक बाईक आहे, आकडे आपण फक्त उदाहरणासाठी घेतोय. एक्स-शोरूम १,५०,०००. रोड टॅक्स ११ टक्क्यांनी १६,५००. (महाराष्ट्रात पेट्रोल दुचाकीला इंजिनच्या क्षमतेप्रमाणे साधारण १० ते १२ टक्के लागतो.) विमा १२,५००. नोंदणी, स्मार्ट कार्ड वगैरे धरून १,०००. झाले १,८०,०००.

आता डीलरचं कोटेशन येतं. त्यात वर आणखी तीन ओळी असतात: हँडलिंग चार्जेस १,५००, ॲक्सेसरी किट ४,०००, रोडसाईड असिस्टन्स १,०००. एकूण १,८६,५००. खाली मोठ्या अक्षरात "स्पेशल डिस्काउंट ८,०००". तुम्ही भरणार १,७८,५००. वरचे साडेसहा हजार काढा आणि मोजा. खरी सूट झाली दीड हजार.

म्हणून "डिस्काउंट किती देणार?" हा प्रश्नच विचारू नका. "या चेसिस नंबरची गाडी, सगळं धरून, चावी हातात येईपर्यंत एकूण किती?" असं विचारा आणि त्यातली प्रत्येक ओळ वेगळी लिहून घ्या. मग एकेक ओळ बघा.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस ही सरकारी फी नाही. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. ही ओळ काढायला सांगा. सहसा निघते.

ॲक्सेसरी किटमध्ये साडी गार्ड, मागे बसणाऱ्यासाठी ग्रिप आणि फूटरेस्ट धरलेले असतील तर थांबा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम या गोष्टी गाडीबरोबरच असायला हव्यात असं सांगतो. त्या हौसेच्या वस्तू नाहीत. दुचाकी विकताना बीआयएस प्रमाणित हेल्मेट द्यावं असंही नियम १३८ म्हणतो. "हेल्मेट फ्री देतो सर" ही ऑफर ऐकलीत तर हसून पुढच्या ओळीकडे वळा.

विम्यात सर्वात जास्त वाव असतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचे दर ठरलेले असतात, तिथे कुणीच कमी करू शकत नाही. २०२२ च्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, वर जीएसटी. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि झिरो डेपसारखी ॲड-ऑन यांचे दर कंपनीगणिक वेगळे असतात. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. त्याच चेसिस नंबरवर बाहेरचं कोटेशन काढा आणि ते मोबाईलवर दाखवा. बऱ्याचदा तेवढ्यावरच डीलरचा आकडा खाली येतो. १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच तुमच्याकडे आधीच असेल तर ती ओळही उडते. आणि पॉलिसीवर उत्पादनाचं साल बरोबर लिहिलंय ना ते नक्की बघा. मागच्या सालच्या गाडीवर चालू साल टाकलेली पॉलिसी आज गोंडस दिसते, पण क्लेमच्या वेळी वाद घालायला निमित्त होते.

आता जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी एक लाखाची गाडी १ लाख २८ हजारांवरून १ लाख १८ हजारांवर आली. काही जण या जुन्या किमतीशी तुलना करून "तुम्हाला दहा हजारांचा फायदा" असं सांगतात. ती डीलरने दिलेली सूट नाही, तो सरकारने कमी केलेला कर आहे. गाडी त्या तारखेआधी बनलेली असली तरी आज बिल होताना आजचाच दर लागतो. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांचं उलटं झालं. आधी सेस धरून ३१ टक्के होता, आता ४०. तिथेही "जुना स्टॉक आहे, जुन्या करात बसवतो" असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य नाही.

आणखी एक पद्धत असते. जानेवारीत कंपनी नव्या गाडीची किंमत वाढवते आणि डीलर त्या वाढलेल्या किमतीवरून जुन्या गाडीची सूट मोजतो. डिसेंबरची किंमत काय होती ते जुन्या बातम्यांत सहज सापडतं. सूट त्या किमतीवरून मोजा.

समोरासमोर काय बोलायचं?

सेल्समनशी भांडू नका. त्याच्या हातात फार नसतं, तो पगार आणि इन्सेंटिव्हवर काम करणारा तुमच्या-माझ्या वयाचा मुलगा असतो. त्याला मदत करा, म्हणजे तो आत मॅनेजरकडे जाऊन तुमची बाजू मांडेल. बोलणं साधारण असं होतं:

"सर, बाईकवर कॅश डिस्काउंट नसतोच. ॲक्सेसरीज मारून देतो."

"दादा, ॲक्सेसरीज नकोत. ही गाडी मार्च २०२५ ची आहे, दहा-अकरा महिने उभी आहे. आरसीवर माझ्या २०२५ येणार, मी विकायला गेलो की एक वर्ष कापलं जाणार. नव्या सालची तुमच्याकडे याच भावात आहे, मग मी ही का घेऊ?"

"मॅनेजरना विचारावं लागेल."

"विचारा की. मी आज बुकिंग करायच्या तयारीने आलोय. एकूण १ लाख ७० ला बसत असेल तर लगेच."

या संवादात तीन गोष्टी झाल्या. गाडीचा महिना तुम्हाला माहीत आहे हे कळलं, आकडा एकूण रकमेचा आला, आणि तुम्ही आजच घेणार आहात हेही. तिसरी गोष्ट सर्वात जास्त काम करते. "बघून सांगतो" म्हणणाऱ्याला शेवटचा भाव कुणी देत नाही.

वरच्या उदाहरणात १ लाख ७० म्हणजे १,८०,००० च्या खऱ्या हिशोबातून दहा हजार कमी, एक्स-शोरूमच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास. ते १ लाख ७२ वर थांबले आणि नवी बॅटरी टाकून देत असतील तर मी तरी हो म्हणेन.

त्याआधी किमान तीन ठिकाणची कोटेशनं जवळ ठेवा. पण मोठ्या शहरांत एकाच मालकाची चार-पाच शोरूम असतात, नावाची पाटी नीट वाचा. एकाच मालकाची दोन कोटेशनं म्हणजे एकच कोटेशन. तालुक्याच्या गावी बहुतेक वेळा सब-डीलर असतो, त्याचं कमिशन मेन डीलरकडून येतं, म्हणून त्याला सोडायला वाव कमी असतो. जुना स्टॉक विचारायचा तर एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी मेन डीलरकडे चक्कर मारा. आणि रंगाबाबत आग्रह नसेल तर तो आधी सांगू नका. उरलेल्या गाड्या बऱ्याचदा कमी खपणाऱ्या रंगाच्या असतात. "मला काळीच हवी होती, पण बघू" यालाही थोडी किंमत आहे.

जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तर ती गोष्ट शेवटी काढा. आधी नव्याचा भाव पक्का, मग जुन्याचा. दोन्ही एकत्र मिसळले की कुठे मिळालं आणि कुठे गेलं हे घरी येऊनच कळतं.

लोनचंही तसंच. शोरूममध्ये सांगितलेला "९ टक्के" दर फ्लॅट आहे का रिड्युसिंग, हे विचारा. एक लाखावर तीन वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट म्हणजे २७ हजार व्याज, हप्ता साधारण ३,५२८ रुपये. रिड्युसिंग पद्धतीने तो दर १६ टक्क्यांच्या आसपास जातो. भावात आठ हजार कमावून लोनमध्ये दहा हजार घालवणारे कमी नाहीत.

बुकिंगच्या आधी आणि डिलिव्हरीच्या दिवशी

टोकन देण्याआधी चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना, एकूण रक्कम आणि "गाडी नाकारल्यास टोकन परत" हे चारही कोटेशनवर शिक्क्यासकट घ्या. तोंडी ठरलेल्या गोष्टी निदान व्हॉट्सॲपवर त्या सेल्समनला लिहून पाठवा आणि त्याचं "ओके" येऊ द्या. सूट बिलात दिसली पाहिजे, "नंतर खात्यात टाकतो" यावर जाऊ नका.

फारच स्वस्त मिळतेय असं वाटलं तर एक प्रश्न विचारा: हिचं पासिंग आधीच झालंय का? बीएस-४ बंद होताना २०२० मध्ये काही डीलरांनी शिल्लक गाड्या स्वतःच्या किंवा स्टाफच्या नावावर नोंदवून ठेवल्या आणि मग विकल्या. अशी गाडी शून्य किलोमीटरची असली तरी आरसीवर तुम्ही दुसरे मालक होता. टेस्ट राइडची गाडीही अशीच स्वस्तात येते. घ्यायला हरकत नाही, पण भाव मग सेकंड हँडचा असायला हवा.

डिलिव्हरीला दिवसाउजेडी जा. चेसिस नंबर कोटेशनशी जुळवा, कारण ठरलेली गाडी एक आणि हातात आलेली दुसरी, असं होतं. थंड इंजिन स्टार्टरने एका झटक्यात चालू होतं का, हॉर्न आणि लाईट मंद आहेत का, चेनवर गंज, सीटखाली आणि स्पोकपाशी पांढरट डाग, फोर्कवर तेल हे बघून घ्या. नवी बॅटरी ठरली असेल तर तिच्यावरची तारीख वाचा. हार घालून फोटो त्यानंतर.

आणि एवढं करूनही आरसी घरी आल्यावर त्यावर मागचं साल निघालं, तुम्हाला मात्र गाडी चालू सालची म्हणून पूर्ण भावात विकली होती, तर? आधी डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार करा. मेल करा, फोन नको. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. डीलरच्या गावाला हेलपाटे मारायची गरज नाही. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी लागत नाही, म्हणजे बहुतेक बाईक त्यात बसतात. मुदत दोन वर्षांची आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कोटेशन, बिल, फॉर्म २१ आणि ते व्हॉट्सॲपवरचं "ओके" हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, तिथे हेच विचारतात.